ताशी पंधरा किलोमीटर

रविवार, रात्री साडेनऊ

आज ४१ किलोमीटर सायकल चालवली आणि थांबे धरून त्याला सहा तास लागले. काही वर्षांपूर्वी हा हिशेब मी कोणाला सांगितला नसता. तेव्हा हँडलवर वेग दाखवणारे छोटे यंत्र होते, आणि सरासरी घसरू नये म्हणून मी पाण्याचा घोटसुद्धा चालत्या सायकलवरच घेत असे. ओढ्याकाठी एका पायावर उभा असलेला बगळा दिसला, तरी वेग कमी केल्यास आकडा बिघडेल, एवढाच विचार मनात येई. दोन वर्षांपूर्वी त्या यंत्राची बॅटरी संपली. नवी घालायची आधी राहून गेली आणि नंतर मुद्दामच घातली नाही. आजचे अंतरही घरी आल्यावर नकाशावर मोजले.

वाट निवडण्याचे काम मात्र काल रात्रीच केले होते, आणि मला ते प्रत्यक्ष फेरीइतकेच आवडते. नकाशावरची सर्वांत बारीक रेघ धरायची, पण त्यातही सरळसोट रेघ टाळायची, हा माझा नियम आहे. सरळ रस्ता बहुधा कोणीतरी आखून केलेला असतो, आणि जो सोयीचा असतो त्याच्यावर वाहने येतातच. जी वाट शेताच्या बांधांना वळसे घालत आणि ओढ्याच्या कलाने जाते, ती बहुतेक वेळा पायी चालणाऱ्यांनी व गाड्या हाकणाऱ्यांनी पाडलेली असते. तिथून जायला घाईच्या माणसाला काही कारण नसते. समोच्च रेषा, म्हणजे नकाशावर सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, जिथे एकमेकींना चिकटलेल्या दिसतात तिथे चढ उभा असतो, एवढे पाहून ठेवले की रात्रीची तयारी झाली. मोठा रस्ता सोडून फाट्यावरून आत वळल्यावर दोन वळणांतच मागचा घरघराट थांबला, आणि मग इतका वेळ तो कानांवर होता हे लक्षात आले.

निवांत सायकल चालवणे म्हणजे कमी जोर लावणे, असा माझा पूर्वी समज होता. तो चुकीचा होता असे नाही, पण अपुरा होता. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे ताशी १५ किलोमीटरऐवजी ३० किलोमीटरने गेले की समोरची हवा चौपट जोराने अडवते आणि तिला बाजूला सारण्यासाठी लागणारी शक्ती आठपट होते. हे गणित पायांना कळते तसे कानांनाही कळते. तीसच्या वेगात कानांवरून सतत वारा घोंघावत असतो आणि त्याखाली दुसरे काही ऐकू येत नाही. पंधराच्या आसपास तो आवाज गळून पडतो, आणि चेनची बारीक करकर, टायरखाली फुटणारी वाळकी पाने, कुंपणापलीकडे गवत उपटत चरणारी गाय, असे एकेक सुटे ऐकू येऊ लागते. आज एका वळणावर पाणी दिसण्याआधी ऐकू आले आणि मी आपोआप ब्रेक दाबला. पूल पुढे होता, कठडा नसलेला आणि शेवाळलेला.

माझ्या सायकलीला पुढे ३४ दात्यांची चक्री आहे. मागे १७ दात्यांची धरली की पॅडलच्या एका फेऱ्यात चाक दोनदा फिरते आणि सायकल सव्वाचार मीटरच्या आसपास पुढे जाते. मिनिटाला ६० फेरे, म्हणजे सेकंदाला एक, एवढी सावकाश लय ठेवली की वेग ताशी पंधरा होतो. ही लय एकदा पायांत बसली की मोजावे लागत नाही. गाडीतळावर उभ्या असलेल्या गाड्यांच्या काचेत स्वतःचा वेग पाहण्याची जुनी खोड मला होती, तीही आता गेली.

कार्ल फॉन ड्रेस यांनी १८१७ साली जर्मनीतील मानहाइम येथे आपले लाकडी दुचाकी यंत्र प्रथम चालवून दाखवले, तेव्हा सुमारे सात किलोमीटर जाऊन तितकेच परत येण्याचा प्रवास त्यांनी तासाभराच्या आत केला होता. त्या यंत्राला पॅडल नव्हते. बसल्या बसल्या जमिनीला पाय रेटत पुढे जायचे. म्हणजे दोनशेहून अधिक वर्षांनंतर, चेन, गिअर आणि हवा भरलेले टायर हाताशी असताना मी साधारण त्यांच्याच वेगाने फिरते आहे. हे आठवून चढावर मला हसू आले आणि श्वास चुकला.

चढ दोन किलोमीटरचा होता. तिथे मागची सर्वांत मोठी, ३४ दात्यांची चक्री धरली, म्हणजे पॅडलचा एक फेरा आणि चाकाचाही एकच. चालणाऱ्यापेक्षा जरासा जास्त वेग मिळतो, पण गुडघे शाबूत राहतात. अशा बहुगिअरी सायकलींचा आग्रह धरणारे फ्रान्समधील पॉल द व्हिव्ही, जे ‘व्हेलोसिओ’ या टोपणनावाने लिहीत, यांची त्या काळी पुष्कळ टिंगल झाली. सोपा गिअर म्हणजे दुबळेपणा असे शर्यतवाल्यांना वाटे, आणि टूर द फ्रान्समध्ये तर चेन एका चक्रीवरून दुसरीवर नेणाऱ्या डिरेलरला १९३७ सालापर्यंत परवानगी नव्हती. व्हिव्ही स्वतः भरपूर अंतर कापणारे होते, त्यामुळे त्यांचे निवांतपण आणि माझे निवांतपण सारखे नाही. तरी भूक लागण्याआधी खा, तहान लागण्याआधी प्या आणि केवळ ऐट म्हणून पॅडल मारू नका, हे त्यांचे नियम मी पाळते. पहिले दोन सोपे आहेत. तिसरा आज चढाच्या मध्यावर मोडला, कारण मागून दोन तरुण सायकलस्वार आले आणि ते दृष्टीआड होईपर्यंत मी उगाच एक गिअर जड करून ताठ बसले. त्याची शिक्षा लगेच मिळाली. माथ्यावर पोहोचल्यावर पाच मिनिटे कठड्याला टेकून उभी होते.

उतार संपता संपता मागचे चाक लिबलिबीत लागले. पंक्चर. निवांत फेरीत यासाठी वेळ असतोच, तेव्हा चिडचीड झाली नाही. ती नंतर झाली. चेन मागच्या सर्वांत छोट्या चक्रीवर आणून चाक काढले, ट्यूब ओढून तिच्यात हवा भरली आणि कानाजवळून फिरवली. एरवी पाण्याचे भांडे लागते, पण त्या वाटेवर इतकी शांतता होती की सुरसुर कानालाच सापडली. काचकागदाने जागा खरवडली, सोल्यूशन लावले, ते वाळून त्याची चमक जाईपर्यंत थांबले आणि मग ठिगळ दाबले. ओल्या सोल्यूशनवर लावलेले ठिगळ टिकत नाही हे मला अनुभवाने ठाऊक आहे. सगळे नीट झाले आणि दहा मिनिटांनी चाकातली हवा पुन्हा गेली.

बाजूच्या माळावर शेळ्या राखणारे एक वयस्कर गृहस्थ हा सगळा प्रकार पाहत होते. ते जवळ आले आणि त्यांनी एवढेच विचारले, “ताई, टायर आतून चाचपला होता का?” मी चाचपला नव्हता. त्यांनी टायर हातात घेऊन आतून सावकाश बोट फिरवले आणि नखाएवढा काटा काढून माझ्या तळहातावर ठेवला. बाहेरून त्याचे टोकही दिसत नव्हते. मी आभार मानले, तर ते म्हणाले, “आमच्या वाटेचा आहे, आम्हालाच सापडणार.” दुसरे ठिगळ लावेपर्यंत ते थांबले, आणि पंप मारण्याची एक पाळीही त्यांनी घेतली.

यापुढे टायरवरील नाव नेहमी व्हॉल्व्हच्या समोर येईल असे टायर बसवणार आहे. मग ट्यूबमधील भोक व्हॉल्व्हपासून किती अंतरावर आहे यावरून टायरमधील काट्याची जागा नेमकी कळते. ही युक्ती मी कितीतरी वर्षांपासून जाणते आणि एकदाही वापरलेली नाही.

परतीच्या वाटेवर वारा तोंडावर होता. समोरून ताशी १५ किलोमीटरचा वारा असेल आणि आपण पंधराने जात असू, तर अंगाला लागणारी हवा तीसची असते. निवांत चालीची किंमत तेव्हा घाईच्या दराने मोजावी लागते. पूर्वी मी अशा वाऱ्याशी भांडत असे. आज तीन गिअर हलके केले, हँडलवर थोडी वाकले आणि वेग दहापर्यंत उतरू दिला. सकाळी जाताना न दिसलेली एक पडकी विहीर परतताना दिसली, कारण या बाजूने तिच्यावरचे झाड आडवे येत नाही. थांबले नाही, अंधार पडायच्या आत मोठा रस्ता ओलांडायचा होता आणि मागचा दिवा मंद झाला होता.

आत्ता सायकल भिंतीला टेकवलेली आहे. मागच्या चाकात हवा टिकून आहे, अंगठ्याने दाबून पाहिले. काटा ठिगळांच्या डबीत ठेवला आहे. डबीत आता दोनच ठिगळे उरली आहेत आणि सोल्यूशनची नळी जवळजवळ संपली आहे. चेनलाही तेल द्यायला हवे. विहिरीच्या बाजूने एक गाडीवाट डावीकडे जाताना दिसली होती. नकाशावर ती शोधली. अर्ध्या किलोमीटरपर्यंत बारीक रेघ आहे, पुढे तुटक रेघा आहेत.