अपेक्षित वाढ : किती टक्के?

जळगाव जिल्ह्यातल्या एका कॉलेजात मी तासिका तत्त्वावर मानसशास्त्र शिकवतो. प्रथम वर्षाची मुलं मनाविषयी इतक्या पक्क्या कल्पना घेऊन येतात की नेहमीचा सिलॅबस त्यांना नुसता घासून जातो. म्हणून या गैरसमजांवरच ३० तासांचा व्हॅल्यू अ‍ॅडेड कोर्स काढायचं ठरवलं. विभागप्रमुखांची सही झाली, प्राचार्यही "करा, करा" म्हणाले. घोडं अडलं ते प्रस्तावाच्या नमुन्यातल्या एका रकान्यात : 'कोर्सनंतर विद्यार्थ्यांच्या क्षमतेत अपेक्षित वाढ (टक्के)'.

आधी 'लागू नाही' लिहिलं. फाइल परत. मग 'ऐकलेल्या दाव्याची शहानिशा करायला शिकतील' असं लिहिलं. पुन्हा परत, वर लाल शाईत शेरा : 'आकडा नमूद करावा.' हेडक्लार्क भाऊसाहेब तसे भले. म्हणाले, "सर, माझं काही नाही, पण रकाना रिकामा ठेवून मी पुढं पाठवली तर समिती मला धरते." समितीतले एक ज्येष्ठ प्राध्यापक तर मदतीलाच धावले. "अहो, माणूस मेंदू दहाच टक्के वापरतो ना? मग लिहून टाका, वीस होईल!"

माझ्या कोर्सचा एक अख्खा तासच या दहा टक्क्यांवर होता. तो तिथेच, ऑफिसातल्या कूलरसमोर उभ्याउभ्या घेतला. मेंदूचं वजन शरीराच्या साधारण २ टक्के, पण शरीराची जवळपास २० टक्के ऊर्जा तो एकटा खातो. बहुतांश रिकामा बसणारा अवयव शरीरानं असा पोसला नसता. शिवाय नव्वद टक्के भाग बिनकामाचा असता, तर डोक्याला मार लागलेल्या बहुतेकांचं काहीच बिघडलं नसतं. सरांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुमचं बरोबर असेल. पण आकडा लिहा."

याच काळात नोटीस बोर्डावर एक रंगीत पत्रक झळकलं. बोटांच्या ठशांवरून मुलाचं करिअर सांगणार, डोळ्यांवर पट्टी बांधून वाचायला शिकवणार! ठशांच्या त्या चाचणीला शास्त्रीय आधार नाही, असं इंडियन सायकियाट्रिक सोसायटीनं २०१९ मध्येच जाहीर केलंय. त्या पत्रकाला कुणी रकाना विचारला नाही, हे मला अजून पचलेलं नाही.

शेवटी म्हटलं, आकडाच हवा ना, घ्या. 'चूक की बरोबर' अशी विधानांची प्रश्नपत्रिका कोर्सच्या आधी आणि नंतर घेऊ, म्हणून जोडली. रकान्यात लिहिलं, 'बरोबर उत्तरांत ३० टक्के वाढ.' तीसच का? कोर्स तीस तासांचा, लक्षात राहायला सोपं. फाइल दुसऱ्याच दिवशी सुटली.

आणि राग बाजूला ठेवून सांगतो, ती प्रश्नपत्रिका फार कामाला आली. नुसती योग्य माहिती दिली की मुलं ती वहीत उतरवतात आणि जुनी समजूत डोक्यात तशीच ठेवतात. आधी त्यांच्याकडून ती समजूत लिहून घ्यायची, मग तिच्यावर बोट ठेवून ती का टिकत नाही ते दाखवायचं. फक्त सगळी विधानं खोटी ठेवू नका; पोरं हुशार, तिसऱ्या विधानाला त्यांना वास येतो.

सुरुवात स्मरणशक्तीपासून करा. मी शब्द वाचले : चूल, तवा, परात, पीठ, कळणा, ठेचा, भरीत, पिठलं, कांदा, शेकणं. थोडा वेळ दुसरं काही बोललो आणि विचारलं, यात 'भाकरी' होता का? अर्ध्याहून जास्त हात वर. मागच्या बाकावरून तर आलंच, "मना कानवर मना भरोसा शे, सर!" मोबाइलवरचं रेकॉर्डिंग लावलं तेव्हा वर्गात जो गलका झाला, तो शेजारच्या वर्गावरच्या मॅडम बघायला आल्या. ही पद्धत रोडिगर आणि मॅकडरमॉट या मानसशास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये गाजवली. यादी मात्र आपल्या स्वयंपाकघरातली हवी. आठवण म्हणजे व्हिडिओ नव्हे, हे यानंतर वेगळं समजवावं लागत नाही.

अंगात येण्याचा विषय पहिल्या आठवड्यात काढू नका. इथे श्रावणात कानबाई, म्हणजे खानदेशातली देवी, घरोघरी बसते. अंगात येणाऱ्यांत कुणाची आई, कुणाची आजी असते. घाई केली की मुलं गप्प होतात आणि मग गप्पच राहतात. मी तो शेवटी घेतला, तोही प्रश्नांच्या रूपात. त्या तासानंतर एखादं पोर घरातल्या माणसाबद्दल विचारायला मागे थांबतं. तेव्हा आपण डॉक्टर व्हायचं नाही. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबर फळ्यावर आधीच लिहून ठेवायचा, म्हणजे कुणाला मागावा लागत नाही.

हो, आणि प्रस्ताव देताना झेरॉक्सवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का घ्याच. माझी फाइल मध्ये एकदा 'आलीच नाही' झाली होती. शिक्का दाखवला तेव्हा ती कपाटावरच्या गठ्ठ्यात निघाली.