विद्यार्थ्यांना जर्मनीला नेताना: आधी हिशेब, मग पोस्टर

बडोद्याहून आर्किटेक्चरच्या विद्यार्थ्यांना मे महिन्यात दहा दिवस जर्मनीला न्यायचं, तर मी काम आदल्या जूनमध्येच सुरू करतो. पहिलं काम अभ्यासक्रम. डेसाऊची बाऊहाऊस या नामवंत डिझाईन-शाळेची इमारत का पाहायची, तिथे काय मोजायचं-रेखाटायचं, परतल्यावर काय सादर करायचं आणि त्याला किती क्रेडिट, हे दोन पानांत लिहून विभागाकडून मंजूर करून घेतो. हाच कागद पुढे व्हिसालाही लागतो. ठिकाणं नक्की करताना प्रत्येकाची सध्याची स्थिती तपासावी. बर्लिनचं पेर्गामोन संग्रहालय दुरुस्तीसाठी ऑक्टोबर 2023 पासून बंद आहे, तरी टूरवाल्यांच्या छापील यादीत ते सापडतंच.

मग किंमत. बस, स्थानिक गाईड आणि दोन शिक्षकांचा प्रवास हा खर्च मुलं कमी आली तरी तेवढाच राहतो. समजा तो 6 लाख आहे. वीस मुलांत माणशी 30,000 पडतात, पंधरांत 40,000. वीस धरून दर जाहीर केला आणि पाच जण गळाले, तर वरचे दहा हजार मागायला तोंड राहत नाही. म्हणून दर पंधरांवर बसवायचा आणि जास्त मुलं आली तर फरक परत करायचा. हप्ता कोणत्या तारखेनंतर परत मिळणार नाही, तेही दराच्याच पानावर हवं. बिल टूर पॅकेजचं असेल तर टीसीएस, म्हणजे टूर कंपनीने बिलासोबतच गोळा करायचा आयकर, लागतो. तो पैसे भरणाऱ्या पालकाच्या पॅनवर जमा होईल असं आधीच बघावं, म्हणजे विवरणपत्रात वळता होतो.

पोस्टरने मुलं चौकशीला येतात, नाव मात्र पालक घालतात. त्यामुळे खरी जाहिरात म्हणजे शनिवारी संध्याकाळची पालकसभा. ती नवरात्रात ठेवू नये, बडोद्यात त्या नऊ रात्री कोणी फिरकणार नाही. दिवाळीची सुटी संपल्यानंतरचा आठवडा उत्तम. क्रेडिटबद्दल फारसं कोणी विचारत नाही. जैन जेवण, खोलीत किती मुली आणि अहमदाबाद विमानतळापर्यंत बस आहे का, हे तीन प्रश्न हमखास येतात. उत्तरं लेखी द्यावीत.

व्हिसात सर्वाधिक वेळ जातो. शेंगेन, म्हणजे जर्मनीसह युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणाऱ्या सामायिक व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून घेतात, निर्णयाला साधारण 15 दिवस, कधी 45 दिवसही लागतात. विमा किमान 30,000 युरोचा. पासपोर्ट परतीनंतर तीन महिने तरी चालणारा आणि दहा वर्षांच्या आत काढलेला हवा. फी 90 युरो आहे. पण अभ्यासासाठी जाणारे विद्यार्थी आणि सोबतचे शिक्षक यांना ती माफ आहे, हे बऱ्याच महाविद्यालयांना ठाऊकच नसतं. व्हिसा अर्ज केंद्राचं सेवाशुल्क तेवढं भरावं लागतं. अर्जासोबतच्या महाविद्यालयाच्या पत्रात ‘शैक्षणिक सहल’ असं मोघम लिहिलं तर पर्यटन समजून फी लावली जाऊ शकते. अभ्यासक्रमाचं नाव, क्रेडिट, तारखा आणि शिक्षकांची नावं स्पष्ट लिहावीत.

तिकिटांसाठी नावं पासपोर्टवरूनच उतरवावीत. गुजरात बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी येतं, त्यामुळे मुलांनी फॉर्ममध्ये स्वतः भरलेल्या नावांत हमखास उलटापालट असते. हॉस्टेलवर राहणाऱ्यांचे नवे पासपोर्ट पत्त्याच्या पोलीस पडताळणीत अडकतात, म्हणून पासपोर्टची प्रत पहिल्या हप्त्याबरोबरच मागावी.