आमची वाटचाल : प्लगइन, लायसन्स आणि ‘ऑर लेटर’

आमचं काम वर्डप्रेस ह्या वेबसाइट बनवायच्या सॉफ्टवेअरचे प्लगइन, म्हणजे त्याला नवी सोय जोडणारे पूरक प्रोग्रॅम, बनवण्याचं. सुरुवातीचे प्लगइन लहान होते, चौकशीचा फॉर्म किंवा फोटोंची गॅलरी एवढेच. सगळा कोड घरचा, त्यामुळे लायसन्सचा प्रश्न एका ओळीत मिटायचा. वर्डप्रेस ‘जीपीएल २ ऑर लेटर’खाली मिळतं, म्हणजे आवृत्ती २ किंवा तिच्या पुढची कुठलीही. जीपीएल हे कोड वापरायची, बदलायची, वाटायची मोकळीक देणारं, पण पुढे देताना तीच मोकळीक द्यायला लावणारं लायसन्स. प्लगइन वर्डप्रेसच्याच फंक्शनांवर चालतो, म्हणून त्यातला पीएचपी (वर्डप्रेसची प्रोग्रॅमिंग भाषा) कोडही जीपीएलखालीच द्यावा, ही वर्डप्रेस प्रकल्पाची भूमिका. मुख्य फाइलच्या हेडरमध्ये (सुरुवातीच्या माहितीत) तशी नोंद करायची, लायसन्सची प्रत सोबत ठेवायची, संपलं.

कामं मोठी झाली तशा दुसऱ्यांच्या लायब्रऱ्या (तयार कोडचे संच) आल्या, आणि गुंता तिथून सुरू झाला. लायब्ररीचं लायसन्स एमआयटी किंवा तीन कलमी बीएसडी, म्हणजे मोजक्याच अटींचं, असेल तर काही अडत नाही. मूळ कॉपीराइटची ओळ आणि लायसन्सचा मजकूर तेवढा जपायचा. (जावास्क्रिप्ट मिनिफाय, म्हणजे आकाराने लहान, करताना नेमक्या ह्याच कॉमेंट्स उडतात, तेवढं बघावं.)

अडतं ते अपाची २.० ह्या लायसन्सपाशी. बॅकअप अमेझॉनच्या एस-३ ह्या ऑनलाइन साठवणीवर पाठवणारा प्लगइन घ्या. त्याला लागणारं अमेझॉनचं पीएचपी एसडीके (त्यांच्या सेवांशी जोडणारी लायब्ररी) अपाची २.० खाली आहे. त्या सॉफ्टवेअरवरून कुणी पेटंटचा दावा लावला, तर त्याला मिळालेला पेटंटचा परवाना तिथेच संपतो, अशी त्यात अट आहे. १९९१ च्या जीपीएल २ मध्ये ही अट नाही, आणि स्वतःपलीकडची जादा अट तिला चालत नाही. २००७ च्या जीपीएल ३ मध्ये अशा अटींना जागा केलेली आहे. म्हणून अपाचीचा कोड ३ सोबत जातो, नुसत्या २ सोबत नाही. वर्डप्रेसचं निभावतं ते ‘ऑर लेटर’ ह्या दोन शब्दांवर. मात्र अख्खा प्लगइन मग जीपीएल ३ च्या अटींवर जातो, आणि हेडरमध्येही तसंच लिहावं लागतं. त्याच प्लगइनमध्ये ‘फक्त जीपीएल २’ वाली एखादी जुनी लायब्ररी असली, तर दोहोंतली एक काढण्यावाचून इलाज नाही. म्हणूनच आता लायब्ररी निवडतानाच तिचं लायसन्स बघतो. झिप बांधायच्या दिवशी हे कळलं, तर आठवड्याचं काम परत करावं लागतं.

बघण्याची पद्धत सोपी आहे. कंपोझर ह्या पीएचपी लायब्रऱ्या आणणाऱ्या साधनाची ‘लायसन्सेस’ ही कमांड ‘नो-डेव्ह’ लावून, म्हणजे फक्त बनवताना लागणारी पॅकेजेस वगळून, चालवली, की ग्राहकाकडे जाणाऱ्या प्रत्येक पॅकेजचं लायसन्स यादीत दिसतं. पण ही यादी म्हणजे पॅकेजच्या लेखकाने जाहीर केलेलं तेवढंच. आत पडलेला फॉन्ट, आयकॉन, कॉपी केलेली एखादी जेएस फाइल तिच्यात येत नाही. म्हणून ह्या लायब्रऱ्यांचं व्हेंडर फोल्डर उघडून हातानेही चाळतो. ‘नॉन-कमर्शियल’ लिहिलेलं काही दिसलं तर थेट बाहेर. ‘हे सॉफ्टवेअर चांगल्या कामासाठीच वापरावं, वाईटासाठी नाही’ हे जेसन लायसन्समधलं वाक्य वाचायला निरुपद्रवी वाटतं, पण वापरावरचं बंधन म्हणून ते जीपीएलशी जुळत नाही.

स्टॅक ओव्हरफ्लो ह्या प्रोग्रॅमरांच्या प्रश्नोत्तरांच्या साइटवरून उचललेल्या कोडचं तर तारखेवर अवलंबून. २ मे २०१८ पासूनची उत्तरं सीसी बाय-एसए ४.० (श्रेय आणि तेच लायसन्स मागणारं क्रिएटिव्ह कॉमन्स लायसन्स) खाली आहेत, आणि ती श्रेय देऊन जीपीएल ३ मध्ये घेता येतात. त्याआधीची ३.० किंवा २.५ खाली, त्यांना ही वाट नाही. तिथे कल्पना समजून घेऊन कोड स्वतः लिहिणं बरं.

फ्रीलान्सरकडून काम घेताना आणखी एक खाच आहे, आणि ती बरेच जण विसरतात. पगारी माणसाने नोकरीचा भाग म्हणून लिहिलेला कोड, वेगळा करार नसेल तर, कंपनीचा असतो. बाहेरच्याने लिहिलेला त्याचाच राहतो, पैसे चुकते केले तरी. कॉपीराइट कायदा १९५७, कलम १९ प्रमाणे हक्क लेखी घ्यावे लागतात. करारात मुदत नसेल तर ती ५ वर्षं धरतात, प्रदेश नसेल तर फक्त भारत. प्लगइन तर जगभर डाउनलोड होतो! म्हणून मुदत आणि ‘संपूर्ण जग’ हे दोन्ही करारात घालतो. नाहीतर त्याच्याकडून कोड थेट ‘जीपीएल २ ऑर लेटर’खाली लिहून घेतो, तेही चालतं.

ग्राहकांचा नेहमीचा प्रश्न : ‘जीपीएल म्हणजे आमचा कोड सगळ्यांना द्यावा लागणार का?’ नाही. ज्याला प्लगइन दिला, त्याला सोर्स आणि हक्क द्यायचे. एका ग्राहकासाठी केलेलं काम त्याच्यापाशीच राहू शकतं, फक्त त्याने पुढे कुणाला द्यायचं ठरवलं तर आम्हाला अडवता येत नाही. कोटेशनमध्ये हे वाक्य आम्ही किमतीच्या वरच छापतो, आणि पैसे अपडेट व सपोर्टचे वर्षाला वेगळे लावतो.