ओझरचा मामा आणि शिकागोचा टॉवर

शिकागोत राहणाऱ्या मराठी माणसांचे छंद तसे ठरलेले, ढोल-ताशा पथक, नाटकाच्या तालमी, उन्हाळ्यात मागच्या अंगणात टोमॅटो नि मिरच्या. माझा छंद म्हणजे विमानातला पायलट आणि खाली बसलेला कंट्रोलर एकमेकांशी काय बोलतात ते ऐकत बसायचं. नाशिकला फोनवर हे सांगितलं की समोरून आधी काहीच नाही, मग हळूच "बरं चाललंय ना गं तिकडे?"

तर सविस्तर सांगते. आमचं घर ओहेअर एअरपोर्टच्या पूर्वेला आहे, वारा पश्चिमेचा असला की उतरणारी विमानं थेट आमच्या डोक्यावरून जातात (विमान नेहमी वाऱ्याच्या तोंडावर उतरतं, म्हणून). आठ रनवे आहेत इथे, त्यातले सहा एकमेकांना समांतर, त्यामुळे गर्दीच्या वेळी आकाशात विमानांची रांगच लागलेली दिसते. आवाजाचं म्हणाल तर मला काही विशेष नाही, मी नाशिकच्या उपनगर भागात वाढले, बाजूला गांधीनगरचं आर्मीचं एअरफील्ड, आर्मीचे हेलिकॉप्टर पायलट तिथेच तयार होतात, चेतक आणि चीता दिवसभर घिरट्या घालायचे आणि आजी गच्चीवरचे पापड सांभाळत त्यांना शिव्या घालायची. पण त्या हेलिकॉप्टरातला माणूस खाली कोणाशी तरी बोलत असेल हे तेव्हा कधी डोक्यातच आलं नाही.

इथे ऑफिसमधल्या एकाने मला छोटा स्कॅनर, म्हणजे हे बोलणं पकडणारा रेडिओ दाखवला, वॉकीटॉकीएवढा, आणि मी अडकलेच. विमानांचं बोलणं ११८ ते १३७ मेगाहर्ट्झमध्ये चालतं, म्हणजे आपलं एफएम जिथे १०८ ला संपतं त्याच्या थोडंसं वर. आणि गंमत म्हणजे एवढ्या आधुनिक विमानांमध्ये बोलणं अजून जुन्या एएमवरच. खरखर असते, पण त्याला कारण आहे, एफएमवर दोघं एकदम बोलले तर ज्याचा सिग्नल जोरात तो दुसऱ्याला गिळून टाकतो आणि दुसरा बोलला हे कोणाला कळतही नाही, एएमवर मात्र कर्कश शिट्टी वाजते आणि कंट्रोलरला लगेच कळतं की दोघं एकमेकांवर चढलेत, मग तो परत विचारतो. शिवाय हे सिग्नल सरळ रेषेत जातात, म्हणून पाच-सात मैलांवरचा टॉवर मधल्या बिल्डिंगांमुळे मला धड ऐकू येत नाही पण ३५ हजार फुटांवरचं विमान चारशे किलोमीटर लांबून स्वच्छ ऐकू येतं. आधी मला हे खरंच वाटलं नव्हतं.

पहिले काही दिवस एक अक्षर कळत नाही हे सांगून ठेवते. बोलतात इतकं फास्ट की नाशिकच्या द्वारका सर्कलला शटल भरणारे रिक्षावाले परवडले. मग हळूहळू साचा कळतो. आधी क्लिअरन्स म्हणजे कुठल्या मार्गाने जायचं त्याची परवानगी, मग ग्राउंड म्हणजे गेटपासून रनवेपर्यंत कसं जायचं ते, मग टॉवर म्हणजे उड्डाण आणि उतरणं, मग डिपार्चर म्हणजे उडाल्यानंतरचं एअरपोर्टच्या आसपासचं आकाश, मग सेंटर म्हणजे लांबच्या प्रवासातलं, प्रत्येक जण पायलटला पुढच्याच्या फ्रिक्वेन्सीचा नंबर देऊन सोडून देतो. नावंपण मजेशीर, ब्रिटिश एअरवेज म्हणजे स्पीडबर्ड, एअर लिंगस म्हणजे शॅमरॉक, आपली इंडिगो रेडिओवर आयफ्लाय. दिल्लीचं एअर इंडिया शिकागोत शिरताना "एअर इंडिया हेवी" ऐकलं की मी भांडी घासत असले तरी नळ बंद करते. हेवी म्हणजे वजनदार विमान, मागच्याने अंतर ठेवून राहायचं, कारण त्याच्या मागे हवेचे भोवरे येतात.

पण मला खरं जे आवडतं ते रीडबॅक. कंट्रोलर म्हणतो, "टर्न लेफ्ट हेडिंग वन एट झिरो, डिसेंड अँड मेंटेन फोर थाउजंड." म्हणजे डावीकडे वळून १८० अंशांची दिशा धर आणि चार हजार फुटांवर उतरून तिथेच राहा. पायलटने ते जसंच्या तसं परत म्हणायचं, नुसतं ओके चालत नाही. एकदा एकाने चारच्या जागी पाच हजार म्हटलं. कंट्रोलर म्हणाला, "निगेटिव्ह, फोर थाउजंड." पायलट म्हणाला, "फोर थाउजंड." बस. ना सॉरी, ना "मी तेच म्हणालो होतो", पुढच्या सेकंदाला कंट्रोलर दुसऱ्या विमानाशी बोलत होता. आमच्या ऑफिसच्या मीटिंगमध्ये हेच झालं असतं तर अर्धा तास आणि तीन ईमेल.

आता मामा. माझा मामा एचएएल या विमानं बनवणाऱ्या सरकारी कंपनीतून रिटायर झालाय, नाशिकजवळ ओझरला राहतो, मिगच्या लाईनवर फिटर होता (ओझरचा कारखाना १९६४ साली मिग-२१ साठीच उभा राहिला). त्याला मी फोनवर लाइव्हएटीसीचं ॲप घालून दिलं. जगभरचे हौशी लोक आपापल्या रेडिओवरचा आवाज तिथे नेटवर सोडतात, ओहेअरचापण असतो. आता काय झालंय, आमची सकाळ ती त्याची संध्याकाळ, तो जेवण उरकून इअरफोन घालून बसतो आणि मला मेसेज येतो, "वारा फिरला तुमच्याकडे, आता पूर्वेकडे तोंड करून उतरवतायत." मी खिडकीतून बघते तर खरंच घरावरची रांग गायब. रनवेच्या नंबरवरून त्याला कळतं, २७ म्हणजे २७० अंश, पश्चिम, आणि ९ म्हणजे ९० अंश, पूर्व. शिकागोचं वारं मला ओझरहून कळतं, आता बोला.

हे वाचून आपणही स्कॅनर मागवू असं वाटत असेल तर थांबा. अमेरिकेत ऐकायला बंदी नाही, पण ब्रिटनमध्ये आहे, म्हणून लंडनचं हीथ्रो त्या ॲपवर सापडत नाही. आणि आपल्याकडे वायरलेसचं यंत्र लायसन्सशिवाय बाळगायचं नाही हे १९३३ च्या कायद्यापासून चालत आलंय. त्यातून ओझर म्हणजे सुखोई आणि आता तेजस, तिथे कुंपणाशी एरियल घेऊन उभे राहिलात तर पुढचा चहा चौकीत. नेटवर शिकागो ऐका, ते बरं.

मामाला मी १९९० च्या एव्हियांका ५२ या फ्लाइटची गोष्ट सांगितली होती. कोलंबियाहून न्यूयॉर्कला येणारं बोईंग ७०७, खराब हवेमुळे तासाभराच्या वर घिरट्या घालत ठेवलेलं, इंधन संपत आलेलं. कॅप्टन को-पायलटला सांगतोय की आपली इमर्जन्सी आहे असं त्यांना सांग, आणि को-पायलट रेडिओवर सगळं बोलून झाल्यावर शेवटी जाता जाता जोडतो की आमचं इंधन संपत चाललंय. इमर्जन्सी हा शब्द कंट्रोलरच्या कानावर गेलाच नाही. विमान लाँग आयलंडवर पडलं, १५८ पैकी ७३ माणसं गेली. मला हे वाचताना आपल्या घरातली सगळी मोठी माणसं आठवली, छातीत दुखत असताना "जरा ॲसिडिटी वाटतेय, तुझं काम उरकून ये" म्हणणारी.

मामा म्हणाला, "अगं पण चरखी दादरीला तर बोलणं बरोबर होतं की." आणि ते खरंय. १२ नोव्हेंबर १९९६, दिल्लीजवळ सौदी बोईंग ७४७ ला १४ हजार फूट दिलेले, समोरून येणाऱ्या कझाकस्तानच्या विमानाला १५ हजार. त्या कझाक विमानात रेडिओवर बोलणारा वेगळा आणि चालवणारे वेगळे. १५ हजारांची सूचना मिळालेली, पण विमान त्याच्या खाली गेलं आणि दोन्ही आदळली, ३४९ जण गेले. टक्कर टाळणारं यंत्र आपल्याकडे त्यानंतर सक्तीचं झालं. म्हणजे रीडबॅकवर माझा कितीही जीव असला तरी बोललेलं हातांपर्यंत पोचलं का हे रेडिओवरून समजत नाही, फिटर माणसाला हे माझ्याआधी सुचलं, साहजिक आहे, त्याने आयुष्यभर कागदावर सही असलेला बोल्टपण स्वतःच्या हाताने तपासून बघितला.

उद्या इथे बर्फाचा अंदाज आहे. बर्फाच्या दिवशी ऐकायला सगळ्यात मजा, विमानं बर्फ काढून घ्यायला लाइनीत उभी, कोणी परत गेटवर जायचं म्हणतंय, कोणाची ड्युटीची वेळ संपत आलेली, आणि कंट्रोलरचा आवाज तरी चढत नाही. मामाला कळवलंय. मामीचा निरोप आलाय की सिरियलच्या वेळेत स्पीकरवर लावलंत तर उद्या जेवण तुमच्या टॉवरलाच मागा.