कुठला बंध तुटला?

पाणी उकळताना त्यातले हायड्रोजन आणि ऑक्सिजन सुटे होत असते, तर चहाचं आधण ठेवणं जिवावर बेतलं असतं. तसं होत नाही, कारण पाण्यात दोन जातींचे बंध आहेत आणि उकळताना त्यातला एकच तुटतो. जीवशास्त्र शिकताना प्रत्येक प्रक्रियेला हा प्रश्न विचारावा: इथे कुठला बंध तुटला? निम्मा गोंधळ तिथेच मिटतो.

रेणूच्या आत ऑक्सिजन-हायड्रोजनचा सहसंयुज बंध (इलेक्ट्रॉन वाटून घेऊन झालेला) असतो. तो तोडायला मोलमागे (मोल म्हणजे रेणू मोजायचं ठरावीक मोठं माप) सुमारे ४६० किलोज्यूल लागतात. दोन शेजारी रेणूंमधल्या हायड्रोजन बंधाला साधारण २० पुरतात, आणि उकळताना तुटतो तो हाच. ऑक्सिजनची विद्युतऋणता (इलेक्ट्रॉन ओढण्याची ताकद) ३.४४, हायड्रोजनची २.२०, म्हणून इलेक्ट्रॉन ऑक्सिजनकडे ओढले जातात आणि एका रेणूचा किंचित धन हायड्रोजन शेजारच्या किंचित ऋण ऑक्सिजनला चिकटतो. शिवाय रेणू १०४.५ अंशांत वाकलेला आहे. तो कार्बन डायऑक्साइडसारखा सरळ असता, तर दोन्ही बाजूंच्या ओढींनी एकमेकींना रद्द केलं असतं. हायड्रोजन सल्फाइडचा रेणू पाण्याच्या जवळजवळ दुप्पट जड, तरी तो उणे ६० अंश सेल्सिअसला उकळतो. त्याचे हायड्रोजन बंध अगदीच क्षीण, एवढंच कारण.

घामाचंही तेच, वाफ होताना हायड्रोजन बंधच तुटतात. त्वचेवरचा एक ग्रॅम घाम वाफ होताना सुमारे २४०० ज्यूल उष्णता घेऊन जातो. मात्र तो वाफ झाला तर! कोकणातल्या दमट हवेत घाम नुसता निथळतो. पाणी आणि मीठ दोन्ही जातं, गारवा मिळत नाही.

आता खरी अडचण. रसायनशास्त्राचं पुस्तक सांगतं की आयनिक बंध (विरुद्ध विद्युतभाराच्या आयनांमधला) भक्कम असतो. जीवशास्त्राचं पुस्तक त्यालाच कमकुवत बंधांच्या यादीत बसवतं. दोघंही बरोबर आहेत, फक्त एक कोरड्या स्फटिकाबद्दल बोलतंय आणि दुसरं पेशीबद्दल. मिठाचा स्फटिक पूर्ण विस्कटून आयन एकमेकांपासून दूर न्यायला मोलमागे सुमारे ७८७ किलोज्यूल लागतात, म्हणून ते ८०१ अंशांपर्यंत वितळत नाही. पाण्यात मात्र दोन आयनांमधलं आकर्षण हवेतल्यापेक्षा जवळजवळ ८० पटींनी घटतं. पाण्याचे रेणू सोडियमकडे ऑक्सिजनची आणि क्लोराइडकडे हायड्रोजनची बाजू करून त्यांना वेढतात, आणि या वेढ्यातून सुटणारी ऊर्जा स्फटिक मोडायचा जवळजवळ सगळा खर्च भागवते. म्हणूनच चमचाभर मीठ खोलीच्या तापमानाला निमूट विरघळतं. प्रथिनाच्या आत, पाण्यापासून लपलेल्या जागी हाच आयनिक बंध पुन्हा जोरदार होऊ शकतो. तेव्हा ‘कमकुवत’ हा शब्द पाठ करताना ‘पाण्यात’ हा शब्द त्याला जोडूनच पाठ करावा.

पीसीआरमध्ये (डीएनएच्या प्रती वाढवायच्या पद्धतीत) डीएनए ९५ अंशांना तापवला की दोन साखळ्या सुटतात, कारण हायड्रोजन बंध आणि बेसच्या थरांमधलं आकर्षण मोडतं. साखळीचा कणा सहसंयुज बंधांचा, तो शाबूत राहतो. अंडं उकडतानाही प्रथिनाची घडी मोडते, पेप्टाइड बंध टिकतात. ते तोडण्याचं काम पुढे पोटातल्या पेप्सिनचं.

पाण्याचा सहसंयुज बंध आपणहून तुटतच नाही असं नाही. २५ अंशांना एका लिटरमध्ये ५५.३ मोल पाणी असतं आणि हायड्रोजन आयन फक्त ०.००००००१ मोल, म्हणजे सुमारे ५५ कोटी रेणूंमागे एक. यावरूनच शुद्ध पाण्याचा पीएच (हायड्रोजन आयनांच्या प्रमाणाचं माप) ७. तापमान वाढलं की ही फाटाफूट वाढते. ३७ अंशांना उदासीन पाण्याचा पीएच ६.८ च्या आसपास येतो. पाणी आम्लधर्मी झालेलं नसतं, कारण हायड्रॉक्साइडही तितकेच वाढलेले असतात.

प्रयोगशाळेत हे तापमान ट्रिस बफरमध्ये (पीएच स्थिर राखणाऱ्या एका द्रावणात) नडतं. १ मोलर, १ लिटर द्रावणासाठी १२१.१ ग्रॅम ट्रिस ८०० मिलिलिटर पाण्यात विरघळवा आणि हायड्रोक्लोरिक आम्लाने पीएच ८.० वर आणा. संहत आम्ल साधारण ४२ मिलिलिटर लागतं. आम्ल घालताना द्रावण तापतं. गरम असतानाच पीएच जुळवला, तर थंड झाल्यावर तो वर सरकलेला दिसेल, कारण ट्रिसवरचा प्रोटॉन (म्हणजे हायड्रोजन आयन) सुटायला उष्णता लागते आणि गारव्यात तो घट्ट धरला जातो. फरक अंशामागे सुमारे ०.०३, २५ अंशांना ८.० असलेला बफर ४ अंशांना ८.६ होतो. म्हणून आधी द्रावण खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मग पीएच जुळवा, शेवटी पाणी घालून १ लिटर करा. बाटलीवर पीएचशेजारी तापमानही लिहा.