डाएटिशियनचा व्हिडिओ कॉल : आधी घरातली वाटी मोजा

एचबीएवनसी, म्हणजे गेल्या तीनेक महिन्यांतली सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी, ६.१ टक्के आला तेव्हा डॉक्टरांनी गोळी न देता डाएटिशियनकडे, म्हणजे आहारतज्ज्ञाकडे, जायला सांगितलं. मॅडम पुण्यात, मी नाशकात, त्यामुळे सगळं व्हिडिओ कॉलवरच. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा, हे हल्ली सगळ्यांना पाठ असतं. कॉलवर काय विचारतात आणि आपण कुठे चुकीचं सांगतो, हे मात्र तिथे बसल्यावरच कळतं.

माणूस निवडताना नावापुढे ‘आरडी’ (रजिस्टर्ड डाएटिशियन) आहे का पाहावं. इंडियन डायटेटिक असोसिएशनची परीक्षा दिल्यावर ते मिळतं. पहिल्याच फोनवर कुणी प्रोटीन पावडरचा डबा विकायला लागलं, तर तिथूनच परत फिरावं.

आधी एक फॉर्म येतो : उंची, वजन, कंबर, चालू गोळ्या, उपवास, काय खात नाही. कंबर म्हणून पॅन्टचा नंबर लिहू नका, पॅन्ट पोटाखाली बसते. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मध्ये टेप धरायची आणि श्वास सोडून मोजायचं. पुरुषांना ९० आणि बायकांना ८० सेंटिमीटर ही आपल्याकडची मर्यादा. रिपोर्ट पीडीएफमध्ये पाठवावेत, चुरगळलेल्या कागदाच्या फोटोत आकडे दिसत नाहीत. साखरेबरोबर क्रिएटिनिन (किडनीसाठी), लिपिड (रक्तातली चरबी) आणि हिमोग्लोबिनही लागतं. अंगात लोह कमी असेल तर एचबीएवनसी आहे त्याहून जास्त दिसू शकतो. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी बरीच वर्षं चालू असेल, तर व्हिटॅमिन बी-१२ कमी झालंय का बघतात.

मग तीन दिवसांची खाण्याची नोंद, त्यातला एक रविवार. उपवास करत असाल तर तो दिवसही लिहा, कारण साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च आणि ‘आज काहीच खाल्लं नाही’ म्हणणाऱ्याच्या पोटात दोन वाट्या खिचडी असते.

खरी गंमत मोजमापात आहे. मी लिहिलं होतं, ‘दोन पोळ्या’. मॅडमनी उंडा काट्यावर ठेवायला सांगितला : ६२ ग्रॅम. शंभर ग्रॅम कणकेला साधारण साठ ग्रॅम पाणी जातं, म्हणजे एका पोळीत ३८-३९ ग्रॅम कणीक. त्यांचा हिशोब ३० ग्रॅम कणकेच्या फुलक्याचा. दोन पोळ्या त्यांच्या वहीत अडीच झाल्या, घडीतलं तेल वेगळंच. भाकरीचं तर विचारूच नका, ५०-६० ग्रॅम पिठाची एक भाकरी म्हणजे दोन फुलके.

वाटीचंही तेच. प्लॅनमधली वाटी १५० मिलीची. आमची पाण्याने मोजली तर १८० मिलीची निघाली. भात, वरण, उसळ सगळंच वीस टक्के जास्त. पहिल्या कॉलच्या आधीच वाटी, पळी आणि चहाचा कप मोजून आकडा सांगितला, तर पुढचे दोन आठवडे वाया जात नाहीत.

तेल कॅमेऱ्यात दिसत नाही, म्हणून ते किराण्यावरून काढतात. चार माणसांत महिन्याला एक लिटरच्या पाच पिशव्या. पिशवीत साधारण ९१० ग्रॅम तेल, म्हणजे माणशी रोज ३८ ग्रॅम. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेत २००० किलोकॅलरींच्या ताटाला तेल-तूप मिळून २७ ग्रॅम आहे. ‘आमच्याकडे तेल कमीच असतं’ हे वाक्य पिशव्या मोजूनच बोलावं.

पहिला कॉल पाऊण ते एक तासाचा. घरात स्वयंपाक जो करतो तो शेजारी हवाच. तेल किती, गूळ आमटीत पडतो का, हे जेवणाऱ्याला ठाऊक नसतं. सुरुवात ‘काल सकाळी उठल्यापासून सांगा’ अशी होते. चहा म्हटलं की पुढचा प्रश्न, ‘चहाबरोबर काय?’ दोन चमचे साखरेचे चार चहा म्हणजे ४० ग्रॅम साखर, आणि खारी, टोस्ट हे सहसा विचारल्यावरच आठवतात.

डाएटिशियन गोळ्या बदलत नाहीत. इन्सुलिन किंवा साखर उतरवणारी ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल, तर भात-पोळी कमी करण्याआधी डॉक्टरांना सांगावंच लागतं, नाहीतर साखर ७० च्या खाली उतरू शकते. तसं झालं तर तीन चमचे साखर पाण्यातून घ्यायची आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायची.

प्लॅन हातात आला की कॉल चालू असतानाच भांडून घ्या. माझ्या पहिल्या प्लॅनमध्ये ओट्स आणि किन्वा होते. ‘हे घरात कुणी खाणार नाही’ म्हटल्यावर पाच मिनिटांत तिथे ज्वारीची भाकरी आणि मटकीची उसळ आली. प्रथिनांचं गणित इथेच उलगडतं : पातळ वरणाच्या वाटीत जेमतेम १५ ग्रॅम डाळ, म्हणजे तीन-साडेतीन ग्रॅम प्रथिनं. ३० ग्रॅम मटकीच्या उसळीत सात. वरण-भात खाऊन पोट भरतं, प्रथिनांचा आकडा तिथेच राहतो.

पुढचे कॉल पंधरा-वीस मिनिटांचे, आधी दोन आठवड्यांनी, मग महिन्याने. मध्ये ताटाचे फोटो पाठवायचे : खाण्याआधी, थोडे तिरके, बाजूला चमचा ठेवून. अगदी वरून काढलेल्या फोटोत वाटी किती खोल आहे ते कळत नाही. ग्लुकोमीटरवर जेवणानंतरची साखर पहिल्या घासापासून दोन तासांनी बघायची, ताटावरून उठल्यापासून नव्हे. माझा एक आकडा अचानक २१० आला. मॅडमनी एवढंच विचारलं, ‘आंबा कापला होता का?’ हात धुऊन पुन्हा टोचलं तर १४८.

एचबीएवनसी तीन महिन्यांच्या आत पुन्हा करायला त्या नाहीच म्हणाल्या. तोवर वजन आठवड्यातून एकदा, सकाळी उपाशीपोटी, त्याच काट्यावर. आणि उंडा अधूनमधून, कारण पंधरा दिवसांत तो हळूच पुन्हा साठ ग्रॅमवर जातो.