सरळ हाड वाकडं करताना

"चांगलं जुळल्यालं हाड परत मोडायचं, आन् वर वाकडं जोडायचं? ही कसली डॉक्टरकी?" आजींचा आवाज असा की ओपीडीत बसलेले बाकीचेही माझ्याकडे बघायला लागले.

प्रश्न रास्त होता. नात आठ वर्षांची, वेल्ह्याकडची. गेल्या वर्षी मृगाच्या तोंडावर जांभळाच्या झाडावरून पडली. तिकडच्या एका दवाखान्यात एक्स-रे झाला. कोपराखालचं करंगळीकडचं हाड, अल्ना, मोडलेलं. प्लास्टर घातलं, हाड जुळलं. पण नंतर कोपर पुरतं वाकेना. मग दोन महिने हाडवैदाकडे तेल आणि मालीश. (कोपराच्या दुखापतीत चोळण्याने सांधा आणखी आखडतो, हे मी वर्षानुवर्षं सांगतेय.) सतरा महिन्यांनी पुण्यात आली तेव्हा उजव्या हाताने तिला गळ्याचं बटण लावता येत नव्हतं. कोपराच्या पुढे एक टणक गोळा लागायचा, आणि तळहात उलटासुलटा केला की तो बोटाखाली फिरायचा. अंगठ्याकडच्या हाडाचं, रेडियसचं, डोकं होतं ते. जागा सोडून पुढे आलेलं.

वडिलांनी पिशवीतून पहिला एक्स-रे काढला. मी त्यावर रेडियसच्या मधून पेन्सिलने रेष ओढली. फोटो कुठल्याही बाजूने काढा, ही रेष दंडाच्या हाडाच्या खालच्या गोल टोकातून गेली पाहिजे. इथे ती पुढूनच निघून गेली. म्हणजे डोकं पहिल्या दिवसापासूनच निखळलेलं.

"त्यांनी बघितलंच नाही का, मॅडम?"

या दुखापतीला ज्यांचं नाव आहे, त्या मिलानच्या मोंटेजियांनी १८१४ साली लिहिलंय तेही एका मुलीबद्दलच. त्यांना वाटलं, फक्त अल्ना मोडलंय. महिनाभराने पट्ट्या सोडल्या, हात सरळ केला आणि रेडियसचं डोकं बाहेर आलं. त्यांच्याकडे एक्स-रे नव्हता, तो आला १८९५ मध्ये. माझ्याकडे होता, तरी निवासी डॉक्टर असताना एकदा मी ही रेष ओढायची विसरले होते. वडिलांना मी मोंटेजियांचं सांगितलं, माझं नाही.

ऑपरेशन करावंच का, हाही प्रश्न असतो. काही मुलं असा हात घेऊन बरंच निभावतात. पण वर्षं गेली की ते डोकं वेडंवाकडं वाढतं, मग जागेवर नेलं तरी बसत नाही. हिच्या रेडियसच्या डोक्याची वाटी अजून शाबूत होती, म्हणून मी हो म्हटलं.

आजींना समजावलं ते बैलांवरून. दोन हाडं म्हणजे एका जूला बांधलेली जोडी, मध्ये पडद्याने जखडलेली. एकाला वळवल्याशिवाय दुसरा वळत नाही. त्यांना पटलं की नाही कोण जाणे, अंगठा उठवला.

टेबलावर सांधा उघडला तर आत सगळा चट्टा. तो काढला, डोकं दाबून बसवलं. सोडलं की बाहेर. पुन्हा दाबलं, पुन्हा बाहेर. मग अल्ना वरच्या भागात कापलं, मागच्या बाजूला वाकवलं, कापलेल्या जागी काही मिलिमीटरची फट ठेवली. डोकं आपलं आपण सरकून आत गेलं. हात फिरवून पाहिला, हललं नाही. कधी कधी दंडामागच्या स्नायूची, ट्रायसेप्सची, पट्टी घेऊन डोक्याभोवती नवं कडं करावं लागतं; इथे गरज पडली नाही. प्लेटला तेवढाच बाक दिला, स्क्रू लावले. सी-आर्मवर, म्हणजे टेबलाशेजारच्या एक्स-रे यंत्रावर, रेष नेमकी मधून.

खरी धाकधूक त्यानंतरची. बोटं उचलणारी नस रेडियसच्या मानेला लगटून जाते. पोरगी शुद्धीवर आली ती रडत, माझ्यावर चिडलेली. "अंगठा वर कर गं," म्हटलं, तर प्लास्टरमधून तिने मला ठेंगा दाखवला. इतका आवडलेला ठेंगा दुसरा नाही.

सहा आठवड्यांनी प्लास्टर काढलं. कोपर नव्वद अंशांच्या पुढे फारसं जात नव्हतं, इतक्यात जाणारही नव्हतं. फिजिओचे कित्येक महिने बाकी होते. मी आधी तो पुढचा गोळा शोधला. नव्हता.

आजींनी मात्र मागच्या बाजूने बोट फिरवलं. "डॉक्टरबाई, हितं वाकडं लागतंय."

"लागू द्या, आजी."

"चोळायचं न्हाई, ठावं हाय मला," म्हणत त्यांनी हात मागे घेतला.